डाळिंबी बनातीचा जुळा नमुना

१

पेटी बंद होती, कडी लावलेली होती, आतलं काळं फडकं चार घड्या घालून नीट ठेवलेलं होतं. फक्त फडक्यात जे असायला हवं होतं ते नव्हतं.

धाकटीने फडकं उलगडलं, झटकलं, पुन्हा उलगडलं. तळहाताएवढी फळी काय सुई आहे, घडीत अडकून बसायला? पण अशा वेळी माणसाची अक्कल गहाण पडते. तिने कपाटाचे सगळे कप्पे पालथे घातले, सवयीने फडक्याची घडी घालून पेटीत ठेवली, कडी लावली आणि मग नमुनाघराच्या फरशीवरच बसकण मारली. शेजारच्या बैठकीत सातासमुद्रापलीकडून आलेली पाहुणी कॉफीचा कप हातात धरून वाट बघत होती, ती नेमकी याच फळीची.

धाकटी हे काही तिचं खरं नाव नव्हे. घरातलं शेंडेफळ म्हणून पडलेलं नाव ते. वडिलांनी थोरल्या मुलाला बाजूला ठेवून कारखाना तिच्या हाती सोपवला, तरी तिला मालकीणबाई म्हणायला कुणाची जीभ वळेना. कारखाना एकच गोष्ट करायचा आणि ती अशी करायचा की लोकांनी नाव काढावं. लोकरीची दाट, मऊ बनात, एकाच रंगाची, गर्द डाळिंबी. समुद्रापलीकडचे एक कारागीर वाद्यं ठेवायच्या पेट्या बनवत. त्या पेट्यांना आतून लावायला ही बनात जात असे.

आजोबांची आणि त्या पेटीवाल्यांची पहिली भेट झाली तेव्हा दोघांकडे ना वकील होता, ना एकमेकांची धड भाषा. आजोबांनी बनातीचा एक तुकडा मधोमध कापला आणि दोन्ही अर्धे दोन फळ्यांवर चिकटवले. मग प्रत्येक फळीला भोक पाडून दोन्ही बाजूंनी शिशाच्या चकत्या बसवल्या आणि चिमट्याने दाबून एकजीव केल्या. तो शिक्का कापल्याशिवाय खालचं कापड बदलता येणार नाही, अशी सोय. एक अर्धा इकडे, एक तिकडे.

"माल याच रंगाचा येईल," आजोबा म्हणाले होते.

"मग मी तो कधी ताडून बघणार नाही," पेटीवाले म्हणाले होते.

दोघांनीही शब्द पाळला. बाकीचे व्यापारी करारांची बाडं घेऊन कोर्टाच्या पायऱ्या झिजवत होते, तेव्हा या दोन घरांना कापडाचा एक तुकडा पुरत होता. धाकटीला या तुकड्याचा जेवढा अभिमान होता, तेवढा कारखान्याच्या इमारतीचाही नव्हता.

आता पेटीवाले गेले होते आणि त्यांची लेक कारभार बघू लागली होती. तिने पहिलीच गासडी उघडली, वडिलांचा अर्धा नमुना शेजारी धरला, आणि रंग जुळला नाही. 'मी माझा अर्धा घेऊन येते,' तिने कळवलं. 'तुमचा काढून ठेवा. नाही जुळलं, तर आपल्या वाटा वेगळ्या.'

बाहेर थोरल्याच्या बुटांची टकटक झाली. "मिळाला का गं? ती सारखी घड्याळाकडे बघतेय."

"दादा," धाकटी म्हणाली, "नमुना चोरीला गेलाय."

२

थोरला उंबऱ्यातच थबकला. मग त्याने बंद पेटीकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"रडतेस काय? गोदामात बनात आहे. आजोबांचा चिमटा आहे, शिसं आहे. एक तुकडा काप, फळीवर चिकटव, शिक्का दाब. कॉफी संपायच्या आत नमुना तयार. गुंडाळायला काळं फडकं तेवढं शोध कुठून तरी, म्हणजे अगदी जुन्यासारखा दिसेल. कोणाला कळतंय!"

खोटं कशाला बोला, धाकटीच्या मनात तो विचार क्षणभर डोकावून गेलाच. कापड खरं, चिमटा खरा, रंग खरा. खोटं असणार ते फक्त एवढंच, की हा तो तुकडा नव्हे. पण आजोबांचा चिमटा खोट्यासाठी दाबायचा म्हटल्यावर तिचा हात आपोआप मागे आला.

"नाही जमणार, दादा."

"झालं! हरिश्चंद्र अवतरला. मग जा, सांग तिला की आम्ही वेंधळे आहोत."

"तेच सांगणार आहे."

"शाबास!" मागून आवाज आला. आत्या. हातात नाश्त्याची उष्टी बशी तशीच होती. ही आत्या आयुष्यभर विमा कंपनीसाठी जहाजांवरच्या मालाची तपासणी करत फिरली होती. बुडालेली साखर खरंच बुडाली की बुडवली, जळालेला कापूस आपोआप पेटला की कुणी पेटवला, हे शोधायचा तिचा धंदा. निवृत्त झाल्यापासून साऱ्या घरात तिला शोधायला काही उरलं नव्हतं आणि त्यामुळे ती जरा चिडचिडी झाली होती. आज सकाळी मात्र तिचा चेहरा उजळला.

"ठमे, तू त्या मुलीशी बोल," ती म्हणाली. "खोलीतल्या कशालाही हात लावू नका. थोरल्या, तू तर मुळीच नको. तू हात लावलेली वस्तू जागेवर राहत नाही."

धाकटी बैठकीत गेली. पाहुणी तिच्याच वयाची असेल, केस आखूड कापलेले, बसणं ताठ. दोघी एका तिसऱ्याच भाषेत बोलत, दोघींनाही शिकून आलेल्या.

"आमचा अर्धा सापडत नाहीये," धाकटीने सरळ सांगून टाकलं. "कुणीतरी नेलाय. घरातल्याच कुणीतरी."

पाहुणीने कप खाली ठेवला. "हे तुम्ही मला का सांगताय? काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती."

"आली असती. शिक्का मारायचा चिमटासुद्धा आमच्याकडेच आहे. नवा बनवून आणला असता तरी तुम्हाला कळलं नसतं."

पाहुणीने पिशवीतून एक फळी काढून टेबलावर ठेवली. "संध्याकाळी माझं विमान आहे. तोपर्यंत थांबते. पण हे बघून ठेवा."

धाकटीने वाकून पाहिलं. कापड विटकरी होतं. डाळिंबाचा मागमूस नाही, सरळ भाजक्या विटेचा रंग. आणि कापडाच्या मधोमध आजोबांचा शिक्का होता, अस्सल, अखंड.

३

आत्याने आधी ती विटकरी फळीच हातात घेतली, पाहुणीची परवानगी मागून, तिच्याच त्या तिसऱ्या भाषेत; बंदरोबंदरी फिरताना आत्या ती शिकली होती. उलटीपालटी केली. मागची बाजू लाकूड, पुढे डिंकाने घट्ट बसवलेलं कापड. वरच्या कडेला खिळ्याचं एक भोक होतं.

"हे टांगलेलं असायचं वाटतं?"

"वडिलांच्या खुर्चीसमोरच्या भिंतीवर," पाहुणी म्हणाली आणि पहिल्यांदाच जराशी हसली. "बंदरात उतरलेला कुठलाही व्यापारी दुकानात आला, की त्याला आधी याच्यासमोर उभा करायचे. 'ही बघा माझी सगळी कागदपत्रं,' म्हणायचे. आम्ही भावंडं कंटाळायचो ऐकून ऐकून."

"आणि बंदर दिसायचं तिथून?"

"खुर्चीच्या मागे खिडकी आहे, भिंतभर. का हो?"

"छान जागा," आत्या म्हणाली आणि फळी परत देऊन टाकली. "जुन्या मालातलं एखादं कापड नाही का तुमच्याकडे?"

"सगळं पेट्यांत गेलं आणि पेट्या देशोदेशी. आमच्याकडे ठेवायला काही उरतच नाही."

मग आत्या नमुनाघरात शिरली, मागोमाग धाकटी. खोली लहानशी. एक कपाट, एक टेबल आणि उत्तरेकडे एक खिडकी. कपाटाची किल्ली दाराआड खिळ्याला, साऱ्या कारखान्याला ठाऊक. तेव्हा किल्लीवरून चोर ओळखायची सोय नव्हती. आत्याने पेटीतलं फडकं पाहिलं.

"ही घडी तू घातलीस?"

"आत्ताची माझी. पण पेटी उघडली तेव्हाही अश्शीच होती."

"हं. आणि तो स्टूल तिथे कशाला?"

स्टूल खिडकीपाशी ओढलेला होता. खिडकीची कडीही काढलेली होती आणि वाऱ्याने तिची झडप हलकेच आपटत होती. धाकटीच्या ते आधी लक्षातच आलं नव्हतं. ही खिडकी एरवी बंद असे, कारण आजोबांचा नेम होता की नमुना काळ्या फडक्यात आणि काळोखात राहील. रंगाचा नवा हंडा लागला, नव्या कापडाचा रंग जुळवायचा असला, तेव्हाच उत्तरेच्या उजेडात तो बाहेर निघेल, तोही घटकाभर.

"या महिन्यात नवा हंडा लागलाय का?"

"नाही."

तेवढ्यात गोदामवाले काका घाम पुसत आले. गासड्या बांधणं आणि रवाना करणं त्यांच्याकडे. चोरीची कुणकुण लागल्यापासून त्यांचा चेहरा असा झाला होता की अनोळखी माणसाने आधी त्यांनाच धरलं असतं.

"मी आलो होतो सकाळी इथं," विचारायच्या आधीच ते बोलले. "पण देवाशपथ, चोरायला नाही. माझा फोन इथं चार्ज करायला लावतो मी. गोदामात बटणच नाही, कितीदा सांगितलं. खिडकी आपटत होती, म्हटलं लावावी, तर ताई येताना दिसल्या, म्हणून पळालो."

"फोन लावायला पळावं कशाला लागतं?" आत्याने विचारलं.

"मागच्या आठवड्यात थोरल्या साहेबांनी त्यावरून झापलं ना!"

थोरला बाहेरून ओरडला, "वीज काय फुकट येते?"

आत्याने त्यालाही आत बोलावलं. "तुझी त्या दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलणी चालू आहेत म्हणे. एका रंगाऐवजी दहा रंग मागणारा."

थोरल्याचे कान लाल झाले. "चालू आहेत. लपवलेलं नाही. जगात कुणी एका गिऱ्हाइकावर आणि एका रंगावर जगत नाही. लाल तो लाल, त्यात कसलं सोवळं! पण मी घरात चोरी करीन असं वाटतं तुला?"

"मला काय वाटतं ते सोड," आत्या म्हणाली. "मास्तर कुठायत?"

रंगमास्तर रंगखान्यात होते. आजोबांच्या हाताखाली शिकलेले, त्या जुळ्या नमुन्याचं कापड रंगवणारे आणि आजवर कारखान्यातून निघालेल्या कापडाच्या प्रत्येक ठाणाचा रंग जुळवणारे. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, एका डोळ्याचं. दुसऱ्याचं बाकी. नाकावर काळा चष्मा. हंडे आज थंडच होते, तरी ते पाठ करून काहीतरी ढवळत असल्यासारखे उभे होते.

"मास्तर, नमुना गेला म्हणे," आत्या म्हणाली.

"ऐकलं." त्यांनी चष्मा काढला, आत्याकडे पाहिलं, एक डोळा हाताने झाकला, मग दुसरा. "तुमची शाल पांढरी आहे का हो, की पिवळट?"

"मोतिया रंगाची. माझ्या लग्नातली."

"असेल," ते म्हणाले आणि चष्मा परत चढवला. "मला काही विचारू नका. म्हाताऱ्याला काय कळतंय."

धाकटीला आश्चर्य वाटलं. रंगाच्या बाबतीत 'मला काय कळतंय' असं मास्तर आयुष्यात म्हणाले नव्हते. उलट, बाकीच्यांना काय कळतंय, हे त्यांचं आवडतं वाक्य. ती आत्याला हे सांगणार, तोच आत्याने तिचा हात दाबला.

"ठमे, सगळ्यांना इथे बोलव. पाहुणीलाही."

"तिच्यासमोर? अगं, घरची लक्तरं..."

"तू तिला खरं सांगून बसली आहेस ना? मग आता सगळंच खरं दाखव. अर्ध्यात थांबलीस तर तुझं खरंही खोटं ठरेल."

४

रंगखान्यात सगळे गोळा झाले. पाहुणी दाराशी भिंतीला टेकून उभी राहिली, फळी छातीशी धरून. इथलं बोलणं तिला आणि तिचं बोलणं इतरांना धाकटी हळू आवाजात सांगत होती.

"चोराला वस्तू उचलायची असते, बघायची नसते," आत्याने सुरुवात केली. "पण या चोराने खिडकी उघडली, स्टूल ओढला, नमुना उत्तरेच्या उजेडात धरला आणि बराच वेळ बघत बसला. का? तर त्याला नमुन्याची चोरी करायची नव्हतीच. त्याला रंगाची खात्री करून घ्यायची होती. ती पटली नाही, म्हणून नमुना गेला."

"मग मी तर सुटलो," थोरला म्हणाला. "मला रंगातलं ओ की ठो कळत नाही."

"तू त्याआधीच सुटलास. सकाळी बहिणीला अक्कल शिकवताना तू म्हणालास, काळं फडकं शोध कुठून तरी. फडकं तर पेटीतच होतं! पेटी उघडलेल्याला ते ठाऊक असतं. खोटेपणाचा सल्ला दिलास म्हणून निर्दोष ठरलास, असं भाग्य कुणाच्या वाट्याला येत नाही."

थोरल्याला यावर आनंद मानावा की राग, ते कळेना.

"गोदामवाल्यांनी स्वतःच खिडकीचं सांगितलं. चोर असते तर आधी ती लावून घेतली असती. आता उरला एक माणूस. फडक्याची घडी सवयीनेच नीट घालणारा. रंगाला जपणारा, पण परवापासून स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा नसलेला. एका डोळ्याने माझी शाल पांढरी दिसते आणि दुसऱ्याने पिवळट, असा." आत्याचा आवाज मऊ झाला. "मास्तर, कुठे ठेवलात?"

मास्तर कोपऱ्यातल्या लोकरीच्या ढिगापाशी गेले, खाली हात घातला आणि आपल्या काळ्या मफलरमध्ये गुंडाळलेली फळी बाहेर काढली. लपवतानासुद्धा त्यांनी तिला उजेड लागू दिला नव्हता.

"मास्तर, तुम्ही?" धाकटी पुढे झाली.

"मीच, तायडे." त्यांनी फळी तिच्या हातात दिली. "ऑपरेशन झालं आणि जगच बदललं बघ. नव्या डोळ्याने सगळं लख्ख आणि निळसर, जुन्याने सगळं चहाच्या पाण्यातून बघितल्यासारखं. म्हणजे इतकी वर्षं मी मळक्या काचेतून रंग जुळवत होतो! त्यात तिकडून कळलं की माल जुळत नाही. चूक कुणाची, ते सांगायला कुणी कशाला हवं?"

"पण माल आणि नमुना शेजारी धरून बघितलात ना?"

"बघितला. दोन्ही सारखेच वाटले. पण मला काय वाटतं, त्याला आता काय किंमत? म्हटलं, आजची जुळवणी टळू दे. नवा हंडा लावतो, तायडीच्या डोळ्यांनी जुळवतो, चांगला माल पाठवतो. तुझ्या आजोबांच्या शब्दाला माझ्यामुळे डाग लागलेला मला बघवला नसता." त्यांनी काळा चष्मा नीट केला. "चोर म्हणा हवं तर. पण कच्च्या रंगाचा म्हणू नका."

ज्या माणसाच्या नजरेवर दोन देश विसंबून राहिले, त्याचा स्वतःवरचाच विश्वास उडावा! धाकटीने मफलर सोडला. आतला नमुना गर्द डाळिंबी होता. गोदामवाले काका धावत जाऊन पाहुणीकडे गेलेल्या मालापैकी उरलेलं ठाण घेऊन आले. शेजारी ठेवलं. तेच, तंतोतंत.

"जुळलं!" थोरला ओरडला. रंगातलं काही न कळणाऱ्या थोरल्यालाही ते दिसलं.

"नाही," दारातून पाहुणी म्हणाली. "असं नाही चालणार."

५

ती पुढे आली. आवाजात राग नव्हता, पण धार होती.

"सकाळी तुम्हीच मला सांगितलंत की चिमटा तुमच्याकडे आहे आणि नवा शिक्का मारला तर मला कळणारही नाही. मग सकाळी नसलेला आणि दुपारी सापडलेला नमुना मी कसा मानू? मी या म्हाताऱ्या गृहस्थांवर शंका घेत नाही. पण उद्या माझ्या दुकानात मला विचारतील, तेव्हा काय सांगू?"

पाहुणी म्हणत होती ते बरोबरच होतं. खरेपणाने बोललेलं वाक्यच आता धाकटीच्या गळ्याशी आलं होतं.

"शिवाय माझा अर्धा विटकरी आहे," पाहुणी म्हणाली. "तो का?"

"त्याचं कारण तुमच्या वडिलांचा अभिमान," आत्या म्हणाली. "आमच्या घराने नमुना काळोखात जपला, तुमच्या घराने उजेडात मिरवला. भिंतभर खिडकीसमोर, बंदराच्या उन्हात. रोज बघणाऱ्याला रंग उडालेला कळत नाही, आपलं मूल वाढलेलं जसं कळत नाही. आणि ताडून तर त्यांनी कधी बघितलंच नाही. शब्दच दिला होता ना तसा!"

"म्हणजे दोष माझ्या वडिलांचा?" पाहुणीचा चेहरा ताठरला. "गोष्ट छान आहे. पण ती तुमच्या सोयीची आहे."

धाकटी त्या विटकरी फळीकडे बघत होती. कापड उन्हात उडालं. सगळंच उडालं का? ऊन जिथे पोहोचलं तिथलं उडालं. आणि जिथे पोहोचलंच नाही...

"शिक्का," ती म्हणाली.

"काय?"

"शिक्क्याखाली ऊन गेलेलं नाही. आजोबांनी तो दाबला त्या दिवसापासून त्या चकतीखालचं कापड कुणी पाहिलेलं नाही, ना तुम्ही, ना आम्ही. ही फळी कायम तुमच्याच घरात होती. आमचा चिमटा तिच्यापर्यंत पोहोचूच शकत नाही. तो शिक्का कापा."

पाहुणीने फळी अधिकच घट्ट धरली. "आमच्या वकिलांनी निक्षून सांगितलंय की याला कुणाचा हात लागू द्यायचा नाही. शिक्का तुटला की हा नमुना राहत नाही, नुसती चिंधी होते. माझ्याकडे याशिवाय दुसरा पुरावा नाही."

"माहितीये मला. म्हणून नुसतं मागत नाही." धाकटी सरळ उभी राहिली. आजोबा असेच उभे राहत, असं मास्तर नेहमी सांगायचे. "शिक्क्याखाली विटकरी निघाला, तर मी तुमच्या दुकानात येईन. तुमच्या वडिलांनी ज्यांना ज्यांना त्या भिंतीसमोर उभं केलं, त्या सगळ्यांना बोलवा. त्यांच्यासमोर मी माझ्या तोंडाने सांगेन की आमच्या घराने शब्द मोडला. मग ही बनात आम्ही पुन्हा विणणार नाही. कुणासाठीच नाही."

"धाकटे!" थोरला पुटपुटला. पण त्याच्या आवाजात या वेळी वैताग नव्हता. दहा रंगवालं गिऱ्हाईक बहुधा त्याच्या लक्षातही नव्हतं.

पाहुणीने एकेकाकडे पाहिलं. शेवटी तिची नजर मास्तरांवर थांबली.

"हा शिक्का कुणी दाबला होता?"

"हिच्या आजोबांनी," मास्तर म्हणाले. "फळी धरायला मी होतो. तुमचे वडील समोर उभे होते. चकती बसली तशी त्यांनी टाळी वाजवली."

"मग कापाल तुम्हीच."

मास्तर मागे सरकले. "मी? माझा हात चालेल, बाई, पण डोळा..."

"हातच हवाय मला," पाहुणी म्हणाली आणि फळी त्यांच्यापुढे ठेवली.

६

मास्तरांनी शिसं कापायची कातरी घेतली. कडेने कातरी फिरली, शिसं वाकलं, आणि वरची चकती कुरकुरत अलग झाली. गोदामवाल्या काकांनी श्वास रोखून धरला होता, तो त्यांना सोडायचं भान राहिलं नाही आणि त्यांना ठसका लागला.

मास्तरांनी फळीकडे पाहिलंच नाही. तोंड फिरवून म्हणाले, "तायडे, तू सांग."

धाकटीने पाहिलं होतं. सगळ्यांनीच पाहिलं होतं. पण ती बोलणार तेवढ्यात पाहुणीने हात वर करून तिला थांबवलं.

"नाही," ती म्हणाली. "माझ्या वडिलांनी यांच्या नजरेवर जन्मभर पेट्या बनवल्या. मलाही यांच्याच तोंडून ऐकायचंय. सांगा, मास्तर."

मास्तर वळले. काळा चष्मा काढला. फळी उचलली, ठाण शेजारी ओढलं आणि दोन्ही घेऊन उत्तरेकडच्या दारात, उजेडात गेले. आधी जुना डोळा झाकला. नव्याने पाहिलं. मग नवा झाकला, जुन्याने पाहिलं. सारे त्यांच्या पाठीकडे बघत होते.

विटकरी कापडाच्या मधोमध, नाण्याएवढा, गर्द डाळिंबी ठिपका होता. कालच हंड्यातून काढल्यासारखा.

"दोन्ही डोळ्यांना रंग वेगळा दिसतो," ते म्हणाले, आणि आवाजात पुन्हा तो जुना तोरा आला, ज्याला सारा कारखाना वैतागायचा. "पण जुळणी दोन्ही डोळ्यांना सारखीच दिसते. ठाण आणि ठिपका एकच. मी म्हणतो म्हणजे एकच. बाकीच्यांना काय कळतंय!"

धाकटी हसली आणि रडलीही. आत्याने नाक शिंकरलं आणि त्याचं खापर शालीच्या धाग्यांवर फोडलं. पाहुणी मात्र दारात गेली आणि त्या ठिपक्यावर बोट ठेवून उभी राहिली. मग म्हणाली, "मी वडिलांना वेडे म्हणायचे. न बघता कुणी माल घेतं का, म्हणून."

"बघा की," धाकटी म्हणाली. "यापुढे बघाच. दोन्ही अर्धे दरवर्षी एकदा एकत्र आणत जाऊ, एक वर्ष तुमच्याकडे, एक वर्ष आमच्याकडे. आपल्या मोठ्यांनी एकमेकांवर इतका विश्वास ठेवला की एकमेकांची विचारपूस करायची राहून गेली."

नवा तुकडा कापला गेला तो पाहुणीच्या हाताने. चिमटा दाबताना एक मूठ धाकटीची होती आणि दुसरी तिची. पाहुणीच्या नव्या अर्ध्याला मास्तरांनी आपलाच मफलर गुंडाळला आणि बजावलं की हा काळोखात ठेवायचा, नाहीतर ते स्वतः येऊन बघतील.

"आणि हा जुना?" आत्याने विचारलं. "शिक्का तुटला, आता नुसती चिंधी."

पाहुणीने ती विटकरी फळी पिशवीत ठेवली, नव्यापेक्षा जास्त जपून. "हा परत त्याच खिळ्याला. खिडकीसमोर."

"उन्हात?" मास्तर कळवळले.

"उन्हातच. येणारा प्रत्येक जण विचारेल, मधला ठिपका असा गर्द का. मग मी त्याला खुर्ची देईन आणि तुमच्याबद्दल सांगेन."

गाडी दाराशी लागली होती. थोरल्याने पुढे होऊन तिची पिशवी घेतली आणि दोन्ही हातांनी धरून गाडीपर्यंत नेली. गाडी वळणाआड गेली तसा तो परत आला, घसा साफ केला आणि म्हणाला, "मालकीणबाई, त्या दहा रंगवाल्याला मी नाही म्हणून कळवतो."

धाकटीने मागे वळून पाहिलं. मालकीणबाई म्हणजे आपणच, हे कळायला तिला जरा वेळ लागला.